आत कोणी आहे का?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. माझं कामच तसं आहे. आवाज आला किंवा नाही आला. मधलं काही नसतं.

तरीही हे घडलं.

माझ्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. माझा सख्खा मोठा भाऊ तेव्हा शेजारी उभा होता. आजही त्याला विचारलंत तर तो मान खाली घालेल, पण नाही म्हणणार नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर गाड्या चालू होत्या, समोरचा इस्त्रीवाला फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्यानं भांडत होता. अशा वेळी कोणाला भीती वाटेल का?

मला वाटली.

मी कान तपासते. म्हणजे ऑपरेशन वगैरे नाही, कोणाला किती ऐकू येतं ते बघते. क्लिनिकमध्ये एक छोटी केबिन आहे. कपाटच म्हणा ना. भिंतींना जाड फोम, दार जाड, एका बाजूला काच. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो, इतकी शांतता. पेशंट आत खुर्चीवर बसतो, हेडफोन लावतो, हातात एक बटण धरतो. मी बाहेरून यंत्रातून बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दाबलं की माझ्या समोर हिरवा दिवा लागतो.

एवढंच काम.

त्या दुपारी पेशंट नव्हतं कोणी. मी डबा उघडून बसले होते. पहिला घास तोंडात घातला आणि...

दिवा लागला.

मी काचेतून आत बघितलं. खुर्ची रिकामी. हेडफोन खुंटीवर. बटण वायरला लोंबकळत होतं. हलतसुद्धा नव्हतं.

दिवा विझला.

मी स्वतःशीच हसले. नवं यंत्र, नखरे करणारच. दुसरा घास घेतला.

दिवा परत लागला.

दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त करणारा आला. त्यानं वायर बदलली, मग बटण बदललं. "मॅडम, मशीन एकदम ठणठणीत आहे. उंदीर असेल आत."

"उंदराला बटण दाबायचं कोणी शिकवलं?" मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो. तो गेला.

दार लागलं आणि दिवा लागला...

आठवड्याभरात एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर तपासायला आला. त्याचे कान जवळजवळ गेलेले होते. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेला माणूस. मी आवाज सोडत गेले, वाढवत गेले. त्यानं एकदाही बटण दाबलं नाही. मी केबिनचं दार उघडलं, तर हा मागे वळून फोमच्या भिंतीकडे टक लावून बघतोय.

"ताई," तो म्हणाला, "मागे कोण ग्लास धुतंय?"

मला वाटलं, गंमत करतोय. मी कागदावर लिहून विचारलं, काय ऐकू येतंय नक्की?

"पाण्याचा आवाज. मग टिंग... मग थोडा वेळ काही नाही. परत टिंग." तो खुशीत होता. "किती वर्षांनी काहीतरी ऐकलं बघा! घरी बायको डोक्याशी उभं राहून ओरडते, ते काही येत नाही. तेवढा एक फायदा."

केबिनमागे क्लिनिकची भिंत आहे. तिच्यामागे पार्किंग. तिथे नळ नाही.

मग एक म्हातारी शिवणकाम करणारी बाई आली. तिनंही तेच विचारलं. मग एक मास्तर. तेच. पाणी... टिंग... मग शांतता.

ज्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होतं, त्यांना काहीच आलं नाही. ज्यांचे कान जवळजवळ गेलेले, त्यांनाच ते येत होतं. मी स्वतः आत जाऊन दार लावून बसले, कान फाटेस्तोवर ऐकलं.

काही नाही. फक्त माझा श्वास.

 पण या जागेवर आधी काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

ही नवी इमारत उभी राहिली त्याआधी इथे एक जुनी बैठी इमारत होती. रस्त्याच्या वळणावर. तिच्यात एक बार होता. पाटीवरची अक्षरं केव्हाच उडालेली, त्यामुळे त्याचं खरं नाव कोणी घेतच नसे. सगळे त्याला 'कोपरा' म्हणत. "बाबा कुठे आहेत?" "कोपऱ्यात." नव्या पाहुण्याला वाटायचं, बाबांना आईनं शिक्षा केलीय.

बुटकं छत, भिंतीलगत लांब बाक, एकच स्टेशन लागणारा रेडिओ. कॅरमच्या एका खिशाची जाळी फाटलेली, सोंगटी गेली की बाकाखाली शोधावी लागे. आमच्या भागातली अर्धी भांडणं तिथे सुरू व्हायची आणि अर्धी तिथेच मिटायची. दोन शिक्षक रोज शेजारी शेजारी बसत आणि एकमेकांशी कधीच बोलत नसत. एकाची बदली झाली तेव्हा दुसरा ढसाढसा रडला.

गल्ल्यावर बारची मालकीण बसायची, सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा गेल्यावर तिनं सगळं एकटीनं सांभाळलं. कोणाची जास्त झाली की ती उठून त्याच्या हातातला ग्लास काढून घ्यायची. "पुरे. घरी वाट बघतायत." मोठमोठे बाप्ये मुकाट उठत.

आणि मागे, मोरीशी, गप्पू.

गप्पू ग्लास धुवायचा. त्याला ऐकू येत नसे, बोलता येत नसे. म्हणून गप्पू. कोणी ठेवलं हे नाव, ठाऊक नाही. वय काय, तेही नाही. मागच्या खोलीत, रिकाम्या क्रेटच्या शेजारी झोपायचा.

आई मला संध्याकाळी बाबांना बोलवायला पाठवायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद. मी बाहेर ताटकळत राहायचे. बाबांचं लक्ष कधीच नसे. गप्पूचं असे. तो हात पुसत यायचा, बाबांच्या खांद्यावर थोपटायचा, माझ्याकडे बोट करायचा. मग माझ्या मुठीत खारे दाणे कोंबायचा आणि डोळे मिचकावायचा.

एका संध्याकाळी बाबा त्या बाकावरून खाली कोसळले. छातीत कळ. बाकीचे गाडी बोलवा, पाणी द्या करत राहिले. गप्पूनं त्यांना पाठीवर घेतलं आणि धावत सुटला. थेट हॉस्पिटलपर्यंत. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. माझं लग्न बघितलं. दादाची मुलं खेळवली.

पुढे ती इमारत विकली गेली. पाडायचं आणि नवी बांधायचं काम माझ्या दादानंच घेतलं. तो कंत्राटदार आहे. नव्या इमारतीतलं हे दुकान त्यानं मला दिलं. "तुझं स्वतःचं क्लिनिक," म्हणाला. मी आनंदानं रडले होते.

गप्पूचं काय झालं?

गावी गेला असेल, असं कोणीतरी म्हणालं. त्याचं गाव कुठलं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही.

मी दादाला फोन केला. ग्लासचं काही बोलले नाही. म्हटलं, वायरिंग बघून जा, दिवा आपोआप लागतो.

तो दुपारी आला. नेहमीसारखा मोठ्या आवाजात, हातात हेल्मेट. केबिनभोवती फिरला, बोर्ड उघडला, बंद केला. "काही नाही गं. तुला कामाचा ताण झालाय. जेवतेस का वेळेवर?"

"दादा, दिवा लागतो. मी खोटं बोलतेय का?"

"बरं, बघू." तो माझ्या खुर्चीत बसला. यंत्रावर एक माइक असतो, आतल्या पेशंटशी बोलायला. त्यानं तो उचलला. चेष्टा करायची होती त्याला. मोकळी केबिन, आणि हा साइटवर हाक मारतो तशी हाक मारून म्हणाला,

"आत कोणी आहे का?"

दिवा लागला.

दादाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. नुसतं चिकटून.

दिवा विझेना...

काचेपलीकडे खुर्ची रिकामी. बटणाची वायर सरळ. आणि दिवा जळतोय, जळतोय. कोणीतरी अंगठा दाबून धरलाय आणि सोडतच नाहीये, असा.

दादाच्या हातून माइक पडला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. "वायरिंग आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "माणूस पाठवतो."

तो गेला. हेल्मेट तिथेच राहिलं.

माणूस आला नाही. दादानं माझे फोन घेणंही बंद केलं.

मी वहिनीला शोधलं. ती आता मुलीकडे राहते. गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत एक कॉट, एवढाच तिचा संसार. मला बघून तिला खूप आनंद झाला. पण क्लिनिक कुठे आहे ते सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या रस्त्यानं मी जात नाही बाळा."

तिलाही आता ऐकू फारच कमी येत होतं. मुलगी म्हणाली, "न्या हो तुम्ही, तपासून तरी घ्या. दिवसभर आम्ही ओरडतोय." बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर वहिनी तयार झाली.

मी तिला केबिनमध्ये बसवलं. खरं सांगते, माझ्या मनात कपट होतं. मला तिचे कान तपासायचे नव्हते.

पहिले आवाज तिला आलेच नाहीत. मग तिनं हळूच हेडफोन काढले. मान वळवली. मागच्या भिंतीकडे बघत राहिली...

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

मी धावत जाऊन दार उघडलं.

"तो ग्लास तपासतोय गं," वहिनी म्हणाली.

"कोण, वहिनी?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"धुतला की नखानं टिचकी मारायचा. मग गालाला लावायचा. त्याला ऐकू यायचं नाही ना. चांगला ग्लास गालावर थरथरतो म्हणे. तडकलेला थरथरत नाही. माझ्या गिऱ्हाइकाचा ओठ कधी कापला नाही त्याच्यामुळे."

टिंग... मग शांतता. ती शांतता म्हणजे ग्लास गालाला लावलेला असायचा.

 मी तिथेच केबिनच्या पायरीवर बसले.

"मीच त्याला थांब म्हणाले होते," वहिनी म्हणाली. तिनं हातानं करून दाखवलं. पालथा पंजा खाली दाबला. बस इथेच. मग छातीवर बोट. मी. मग दोन बोटं चालवली. येते. "जावई त्याला घरात घ्यायला तयार नव्हता. मी त्याचं मन वळवणार होते आणि मग गप्पूला न्यायला येणार होते. तोवर मागच्या दारानं जात-येत जा, असं त्याला समजावलं. इमारत पाडायला अजून वेळ होता गं. तुझ्या दादानं तसंच सांगितलं होतं. पण पाडायचं मशीन लवकर मिळालं."

"मग?"

"मी आले तेव्हा इथे माती होती. तुझ्या दादाला विचारलं, आत कोणी नव्हतं ना रे? तो म्हणाला, नाही वहिनी, मी स्वतः हाक मारून बघितलं."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"हाक मारून," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण जावई तयार झालाच नव्हता बघ. गप्पू कुठेतरी निघून गेला असेल, हे मानणं मला सोयीचं होतं."

त्याच संध्याकाळी मी दादाच्या साइटवर गेले. पत्र्याच्या ऑफिसात तो एकटाच बसला होता. मला बघून उठला नाही. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"मी हाक मारली होती. मोठ्यानं. दोन-तीनदा."

"दादा, त्याला ऐकू येत नव्हतं."

"तो आत असेल हे डोक्यातच नव्हतं माझ्या. देवाशपथ." तो टेबलाकडे बघत होता. "पहिली भिंत पडली. धूळ खाली बसली. काउंटर दिसायला लागलं. त्याच्यावर ग्लास उपडे घातलेले होते. ओळीनं."

"मग?"

"त्यांच्यातून पाणी गळत होतं..."

बार बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते.

"मशीनवाल्यानंही बघितलं. म्हणाला, साहेब, थांबवू का? मी म्हणालो, नळ गळत असेल, चालू दे." दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नळ मीच तोडून घेतला होता गं आदल्या आठवड्यात. पाणी कोणीतरी बाहेरून भरून आणलेलं. मला माहीत होतं. म्हणजे नक्की माहीत नव्हतं. पण मनात आलं होतं. आलेलं मी ढकलून दिलं."

"ज्यानं बाबांना पाठीवर..."

"नको," दादा म्हणाला. "ते नको बोलूस."

तो लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, अजून कळत नाही. मी कुठल्या तोंडानं त्याला बोलणार होते? दुकानाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलीस स्टेशनला गेलो. दादा स्वतःहून आला. सगळं सांगितलं, नळाचंही. अधिकारी भला माणूस होता. शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन उघडलं.

"हरवलेल्याचं नाव?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"पूर्ण नाव नसेल तर नुसतं नाव सांगा."

वहिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याकडे त्यानं निम्मं आयुष्य काढलं होतं.

"फोटो? नातेवाईक? अंगावर काही खूण?"

दादा भिंतीकडे बघत होता. 

"अहो, काहीतरी म्हणत असाल ना त्याला!"

"गप्पू," मी म्हणाले. आणि मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

त्यांनी चौकशी केली. ढिगारा गावाबाहेरच्या खड्ड्यात भर म्हणून गेला होता. त्यावर आता मोठी बाजारपेठ आहे. दादाला काही वेळा बोलावणं आलं. मशीनवाला कामासाठी दुसरीकडे निघून गेला होता. हाड नाही, कपडा नाही, तक्रार करणारं माणूस नाही. तपास चालू आहे, एवढंच आजही सांगतात. गप्पू आत होता की नव्हता, हे कोणीही शपथेवर सांगू शकत नाही.

पण दिवा लागत होता. आता रोज. दुपारी, जेवणाच्या वेळेला.

वहिनी म्हणाली, "मी थांब म्हणाले, म्हणून तो थांबलाय. मलाच सांगावं लागेल."

मी तिला घेऊन आले. दादाही आला, पण दारापाशीच उभा राहिला. दिवा लागेपर्यंत आम्ही वाट बघितली.

लागला.

मी केबिनचं दार उघडलं. वहिनी रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.  तिनं छातीवर बोट ठेवलं. कान पकडले. मग दोन्ही तळहात झटकले, झालं. आणि मग बाहेरच्या दाराकडे हात केला.

जा.

दिवा जळतच होता.

तिनं परत केलं. रडत रडत. जा रे बाबा. जा.

दिवा विझला...

दुकानाचं बाहेरचं दार काचेचं, जड आहे. कोणीही गेलं की ते धाडकन आपटतं. इतके दिवस मी त्याची तक्रार करत होते. ते दार उघडलं. दादा बाजूला सरकला. का सरकला, त्याला सांगता येत नाही. आपोआप सरकला. मग दार हळूहळू बंद झालं. अजिबात आवाज न करता. जाणाऱ्यानं वळून हातानं धरून लावावं, तसं.

त्या दिवसापासून दिवा कधी लागला नाही. बस ड्रायव्हर परत तपासायला आला, तर म्हणाला, आज काहीच येत नाही हो. हिरमुसला बिचारा.

दादानं कंत्राटं घेणं सोडलं. ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते म्हणतात, सुटला गप्पू बिचारा, तुमच्या हातून चांगलं काम झालं.

मलाही तसंच वाटलं होतं. त्याच दिवशी वहिनीला रिक्षातून घरी सोडेपर्यंत.

मी तिला विचारलं होतं, "घरी जा, याची खूण कशी करायची?" सहज विचारलं. मला शिकून घ्यायचं होतं.

ती बाहेर बघत होती. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"ती केलीच नाही मी," ती म्हणाली. "त्याचं घर तर तेच होतं ना बाळा."

म्हणजे आम्ही काय केलं?

रस्त्यात बंद दुकानाच्या पायरीवर कोणी एकटं बसलेलं दिसलं की माझी पावलं आता पुढे जात नाहीत. मी विचारते. जेवलात का? राहता कुठे? नाव काय तुमचं? काही जण उत्तर देतात. काही जण घाबरून उठून जातात. एक जण परवा नुसता बघत राहिला, एक शब्द बोलला नाही...

मी परत विचारलं नाही, खुणेनंही नाही. मान खाली घातली आणि झपाझप घरी आले.